मूकपट आणि रंगभूमीचे उमेदवार

१

नाटकात काम करण्याची आस बाळगणारा, परंतु रंगमंचाने दाराबाहेरच ठेवलेला मनुष्य हा मूकपटांच्या काळातील एक आवडता नायक होता. अमेरिकेत १९२६ साली निघालेल्या ‘एक्झिट स्मायलिंग’ या चित्रपटात एका फिरत्या नाटक मंडळीतील हरकामी मुलगी मंडळीच्या खेळातील मायाविनीची भूमिका मनाशी घोटत असते. ती भूमिका तिला रंगमंचावर कधीच मिळत नाही. ज्याच्यावर तिचे मन जडले आहे त्या तरुणाला संकटातून सोडविण्यासाठी मात्र तीच भूमिका तिला प्रत्यक्ष जीवनात वठवावी लागते, आणि तिने आपल्यासाठी काय केले हे त्या तरुणाला अखेरपर्यंत कळत नाही. किंग व्हिडोर यांच्या ‘शो पीपल’ या १९२८ सालच्या चित्रपटात गंभीर अभिनेत्री होण्याच्या इच्छेने आलेल्या मुलीच्या तोंडावर पहिल्याच कामात सोड्याच्या पाण्याचा फवारा येतो. तिला प्रहसनाचे काम मिळालेले असते, आणि ते कोणी तिला आधी सांगितलेले नसते.

या प्रकारच्या कथानकात हास्य आणि करुण एकाच मुळातून फुटतात. उमेदवाराची इच्छा आणि त्याच्या वाट्याला येणारे काम यांत अंतर असते. त्या अंतराकडे बाहेरून पाहिले तर हसू येते; आतून पाहिले तर वाईट वाटते. मूकपट या कथानकाला विशेष मानवला, याचे कारण उघड आहे. पडद्यावरील उमेदवाराचा आवाज प्रेक्षकाला ऐकू येत नाही. त्याची आशा, त्याची फजिती आणि ती लपविण्याची त्याची धडपड ही सर्व चेहऱ्यावर आणि हातापायांवरच उमटावी लागतात.

मराठी मूकपटाच्या संदर्भात या कथानकाचा विचार करू लागल्यास एक वेगळीच गोष्ट ध्यानात येते. १९१३ ते १९३२ या वीस वर्षांत महाराष्ट्रात हे कथानक पडद्यावर येण्याऐवजी पडद्यामागे घडत होते. रंगभूमीची आस असलेली, रंगभूमीने नाकारलेली किंवा रंगभूमीशी काडीचा संबंध नसलेली माणसे या नव्या धंद्यात आली. आवाजावाचून नट झाली. आणि चित्रपट बोलू लागताच त्यांतील कित्येक पुन्हा कडेला सारली गेली. मूकपट हा रंगभूमीचा मुका धाकटा भाऊ होता, असे मानण्याची रीत आहे. परंतु आवाज हीच ज्या रंगभूमीची मुख्य संपत्ती होती, तिने ज्यांना जागा दिली नाही त्यांना मूकपटाने जागा दिली, ही त्या काळातील अधिक महत्त्वाची घटना होय.

२

या विधानाचा अर्थ कळण्यासाठी १९१३ च्या सुमाराची मराठी रंगभूमी डोळ्यांसमोर आणली पाहिजे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली रंगमंचावर आले, तेव्हापासून मराठी नाटक म्हणजे प्रामुख्याने संगीत नाटक असे समीकरण होऊन बसले होते. पदे कोण म्हणणार, कशी म्हणणार आणि कितीदा म्हणणार, यावर खेळाचे यशापयश ठरे. नारायण श्रीपाद राजहंस यांना ‘बालगंधर्व’ ही पदवी लाभली ती गळ्यासाठी. किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडून त्यांनी गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली, ती १९१३ साली. त्याच वर्षी, ३ मे रोजी, मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात धुंडिराज गोविंद फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. मराठी रंगभूमीच्या सर्वांत सुरेल पर्वाचा आरंभ आणि मुक्या नाटकाचा आरंभ असे एकाच वर्षात घडले.

नाटक मंडळीत येणारा उमेदवार बहुधा कोवळ्या वयाचा मुलगा असे. तो मंडळीच्या बिऱ्हाडात राही, मोठ्या नटांची कामे करी, तालमी ऐके, आणि गळा बरा असेल तर हळूहळू रंगमंचावर येई. स्त्रीभूमिका पुरुषच करीत असल्यामुळे देखणा चेहरा आणि गोड आवाज असलेल्या मुलाला मोठी मागणी असे. परंतु वयात येताना आवाज फुटला की ती सारी गणिते कोलमडत. चेहरा टिकला, अभिनयाची समज वाढली, तरी गळा गेला म्हणजे त्या मुलाची बढती तेथेच थांबे.

या व्यवस्थेत दोन प्रकारच्या माणसांना मुळातच जागा अपुरी होती. एक, ज्यांना गाता येत नव्हते ते. दुसऱ्या स्त्रिया. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्या निघाल्या होत्या, हे खरे. तथापि प्रतिष्ठित मंडळ्यांच्या रंगमंचावर शकुंतला, सुभद्रा आणि भामिनी या पुरुषच असत, आणि प्रेक्षकांना त्यात उणे काही वाटत नसे. उलट बालगंधर्वांनी नेसलेल्या साडीचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. मूकपटाने दरवाजा उघडला तो नेमका या दोन ठिकाणी.

३

तो दरवाजा उघडताना फाळक्यांना मात्र औदार्य दाखवायचे नव्हते. त्यांची अडचण होती. लंडनहून १९१२ साली कॅमेरा आणि यंत्रसामग्री घेऊन ते परतले, तेव्हा त्यांच्यापाशी छायाचित्रण, मुद्रण, चित्रकला आणि जादूचे प्रयोग यांचे ज्ञान होते, नट नव्हते. त्यांनी वर्तमानपत्रांत जाहिरात दिली. जे उमेदवार आले ते असे काही होते, की पुढील जाहिरातीत कुरूप चेहऱ्याच्या माणसांनी येण्याची तसदी घेऊ नये, अशा आशयाची सूचना त्यांना घालावी लागली, असे सांगितले जाते. ही हकीगत आज गमतीची वाटते. परंतु तीत एक नवा निकष प्रथमच स्पष्ट शब्दांत मांडला गेला होता. नाटक मंडळीचा मालक उमेदवाराला पहिल्यांदा गायला सांगे. फाळके त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी दत्तात्रय दामोदर दाबके हे रंगभूमीवरील नट मिळाले. तारामतीसाठी मात्र कोणी मिळेना. नाटकात स्त्रीभूमिका करणारे पुरुषही या अनोळखी यंत्रापुढे उभे राहण्यास राजी नव्हते, आणि फाळक्यांनी ज्यांच्याकडे विचारणा केली त्या कलावंतिणींनीही नकार दिला. शेवटी ग्रँट रोडवरील एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके नावाचा तरुण फाळक्यांच्या नजरेस पडला. बांधा सडपातळ, हात नाजूक. खाणावळीत त्याला महिना १० रुपये मिळत. फाळक्यांनी १५ देऊ केले. ‘एक्झिट स्मायलिंग’मधील मुलगी जी भूमिका आयुष्यभर मागत राहिली, तशी भूमिका साळुंक्यांच्या वाट्याला न मागता आली, पगारवाढीच्या रूपाने.

चित्रीकरण दादरच्या मुख्य रस्त्यावरील एका बंगल्यात झाले. स्त्रीवेष घेणाऱ्यांपैकी काहींनी मिशी काढण्यास हरकत घेतली, कारण वडील हयात असता मिशी काढणे अशुभ मानले जाई. आपण सिनेमात काम करतो असे सांगण्याची कोणाला सोय नव्हती. नाटकात काम करणे हेच कमीपणाचे होते, मग हा तर धंदा कसला तेही लोकांना कळत नव्हते. तेव्हा आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत असे सांगा, असा सल्ला फाळक्यांनी मंडळींना दिला, अशी आठवण नोंदलेली आढळते. हे उत्तर खोटेही नव्हते. मंडळींचे जेवणखाण, तालीम, रंगभूषा, फिल्म धुण्याचे काम, सारे एका कुटुंबासारखे चाले, आणि त्या कुटुंबाच्या स्वयंपाकघराचा भार सरस्वतीबाई फाळके वाहत असत. त्यांचा मुलगा भालचंद्र याने रोहिदासाचे काम केले.

या हकीगतींकडे केवळ गंमत म्हणून पाहू नये. साळुंके नावाचा हा तरुण पुढे १९१७ सालच्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिकांत दिसला. प्रेक्षकांनी एकाच माणसाला श्रीराम म्हणून आणि सीतामाई म्हणून हात जोडले. नाटकात ही गोष्ट केवळ अशक्य होती, कारण तेथे दोघांना एकमेकांसमोर उभे राहून बोलावे लागते, आणि बहुधा गावे लागते. त्यानंतर साळुंके छायाचित्रणाकडे वळले. खाणावळीपासून कॅमेऱ्यापर्यंतचा हा प्रवास जातीने, गळ्याने किंवा घराण्याने ठरलेला नव्हता. मुंबईत त्या काळी अशी वाट देणारे धंदे फार थोडे होते.

४

फाळक्यांनी आपला दुसरा मोठा चित्रपट नाशिक येथे घेतला. ‘मोहिनी भस्मासुर’ हे त्याचे नाव. वर्ष १९१३ च. यात पार्वतीची भूमिका दुर्गाबाई कामत यांनी केली आणि मोहिनीची त्यांच्या कन्येने, कमलाबाईंनी. कमलाबाई १९०० साली जन्मल्या. म्हणजे त्या वेळी तेरा वर्षांच्या होत्या. भारतीय चित्रपटांत भूमिका करणाऱ्या या पहिल्या स्त्रिया होत.

मायलेकी दोघीही फिरत्या नाटक मंडळीतील. दुर्गाबाई संसारातून बाहेर पडून मुलीला घेऊन नाटकात आल्या होत्या. त्या काळच्या ब्राह्मण समाजात या दोन्ही गोष्टींची किंमत काय असे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. नाटकातही त्यांचे स्थान कडेचेच होते, कारण मोठ्या मंडळ्यांना स्त्रीभूमिकेसाठी स्त्रीची गरज नव्हती. फाळक्यांच्या कॅमेऱ्याला मात्र ती होती. रंगमंचावर प्रेक्षक आणि नट यांच्यामध्ये अंतर असते, पायदिव्यांचा उजेड खालून येतो, आणि कानांवर पडणारे पद डोळ्यांना पटवून देते की समोर स्त्रीच आहे. उन्हात, जवळून आणि आवाजावाचून घेतलेल्या चित्राला यांतील एकही आधार नसतो. मोहिनीचे तर सारे सामर्थ्यच तिच्या रूपात आणि नृत्यात; तिने भस्मासुराला नाचायला लावले नाही तर कथाच उरत नाही.

तरीही हा बदल एका झटक्यात झाला, असे समजणे चूक ठरेल. ‘मोहिनी भस्मासुर’नंतर चार वर्षांनी साळुंकेच सीता झाले होते, हे वर आलेच आहे. स्त्रिया आल्या, पण त्यांच्या मागे समाज आला नाही. बाबूराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’ काढला, तेव्हा त्यात स्त्रियांची कामे गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी केली. पडद्यावर त्यांना कमलादेवी आणि सुशीलादेवी ही नवी नावे घ्यावी लागली. रंगभूमीवर हाच प्रश्न ठळकपणे सुटण्यास आणखी तेरा वर्षे जावी लागली. नाट्यमन्वंतर संस्थेचे ‘आंधळ्यांची शाळा’ १९३३ साली आले आणि त्यात स्त्रियांची कामे स्त्रियांनी केली, ही घटना मराठी नाटकाच्या इतिहासात क्रांतिकारक मानली जाते. ती तशी होतीच. परंतु तेरा वर्षांच्या एका मुलीने वीस वर्षांपूर्वी नाशिकला तेच काम निमूटपणे केले होते, याची आठवण तिच्याबरोबर ठेवली पाहिजे.

कमलाबाईंचा विवाह पुढे नाट्यव्यवसायातीलच रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. पतीच्या अकाली निधनानंतर त्यांनी रंगमंचावर आणि पडद्यावर कामे करीत मुलांना वाढविले. त्यांतील चंद्रकांत गोखले हे नामवंत नट झाले, लालजी आणि सूर्यकांत हे तबलावादक. नातू विक्रम गोखले यांनी रंगभूमी आणि चित्रपट या दोन्हींवर नाव मिळविले. उमेदवार म्हणून ज्या मुलीला रंगभूमी पुरेशी जागा देत नव्हती, तिच्या घरातून रंगभूमीला पुढे दोन पिढ्यांचे नट मिळाले.

५

आवाजावाचून अभिनय करायचा म्हणजे काय करायचे, हा प्रश्न या मंडळींना रोज पडत असणार. त्याचे फाळक्यांनी दिलेले उत्तर सुदैवाने आजही पाहता येते. ‘कालिया मर्दन’ हा १९१९ सालचा चित्रपट बऱ्याच अंशी टिकून राहिला आहे. त्यात बालकृष्णाचे काम फाळक्यांच्या कन्येने, मंदाकिनीने केले. कथा सुरू होण्यापूर्वी फाळके या लहान मुलीचा नुसता चेहरा पडद्यावर दाखवितात. ती निरनिराळे भाव चेहऱ्यावर आणून दाखविते. आणि मग तिचा श्रीकृष्ण होतो.

या लहानशा प्रसंगाचा अर्थ मोठा आहे. नाटकात रंगभूषेची खोली आणि रंगमंच यांच्यामध्ये भिंत असते. उमेदवाराची परीक्षा मंडळीच्या आत होते आणि प्रेक्षकाला तयार नट तेवढा दिसतो. फाळक्यांनी ती परीक्षाच प्रेक्षकांपुढे मांडली. ही एक साधी मुलगी आहे, हिला देवाचे काम करायचे आहे, ते तिला कितपत जमते ते तुम्हीच पाहा, असे जणू त्यांनी म्हटले. तिच्या चेहऱ्यावरील भाव पाहून प्रेक्षक हसला असेल, आणि थोड्याच वेळाने तीच मुलगी कालियाच्या फणेवर उभी राहिली तेव्हा त्याने हात जोडले असतील. पुराणकथेच्या प्रवेशद्वारीच अशा रीतीने एका उमेदवार नटीची गोष्ट उभी आहे. चित्रपट कसे तयार करतात हे दाखविणारा एक लघुपटही फाळक्यांनी काढला होता; त्याच्या अवशेषांत ते स्वतः कामात गढलेले दिसतात. पडद्यामागचे जग हाही पाहण्याचा विषय आहे, ही जाणीव त्यांना पक्की होती.

कोल्हापुरात या प्रश्नाचे उत्तर निराळ्या वाटेने शोधले गेले. बाबूराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणारे नामांकित चित्रकार. रंगभूमीच्या पाठीमागून आलेल्या या माणसाने विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने कॅमेरा स्वतः जुळविला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्यांच्याकडे गवयांची गर्दी नव्हती; सुतार, रंगारी, तालमीतले मल्ल आणि होतकरू पोरे होती. बाळासाहेब यादव हे त्यांतलेच एक मल्ल. शांताराम राजाराम वणकुद्रे नावाचा मुलगा लहानपणी काही काळ गंधर्व नाटक मंडळीत होता. तो १९२० च्या सुमारास या कंपनीत आला, पडेल ते काम करू लागला, आणि १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये सावकाराच्या जाचाने शहराकडे ढकलल्या गेलेल्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत दिसला. त्या शेतकऱ्याच्या मुखात पद घालण्याची गरज कोणालाच भासली नाही. संगीत नाटकात अशा नायकाची कल्पनाही त्या वेळी कठीण होती.

६

नाटकवेड्यांच्या जगावरील एक लिखाण मात्र याच काळात सिद्ध झाले, आणि त्याचा कर्ताही फाळकेच होता. फरक इतकाच की त्यांनी ते चित्रपटासाठी न लिहिता रंगमंचासाठी लिहिले. हिंदुस्थान फिल्म कंपनीतील भागीदारांशी मतभेद झाल्यावर फाळक्यांनी चित्रपट सोडला आणि ते सहकुटुंब काशीला जाऊन राहिले. तेथे त्यांनी कादंबरीकार नारायण हरी आपटे यांच्या साहाय्याने ‘रंगभूमी’ नावाचे दीर्घ नाटक लिहिले. विषय होता तत्कालीन मराठी नाट्यव्यवसाय आणि त्यातील दोष. १९२२ साली ते मोठ्या खर्चाने रंगमंचावर आले, परंतु सर्वसामान्य प्रेक्षकांना मानवले नाही. फाळके पुन्हा चित्रपटाकडे वळले.

या अपयशाची कारणे नाटकाच्या लांबीत आणि रचनेत शोधता येतील. परंतु त्यामागे एक विरोधाभासही आहे. ज्याने आवाजाशिवाय हरिश्चंद्राची आणि सीतेची कथा खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचविली, त्याला रंगभूमीविषयी काही सांगायचे होते तेव्हा त्याने शब्दांचा आश्रय घेतला. नाट्यसृष्टीचा उपहास करायचा तर तो तिच्याच दरबारात, तिच्याच भाषेत झाला पाहिजे, असे त्याला वाटले असावे. स्वतःच्या कारखान्यातील मिशा, खाणावळ आणि पंधरा रुपये यांची कथा हीच एक उत्तम हास्य-करुण संहिता आहे, हे त्याच्या ध्यानी आले नाही. किंवा ती इतकी जवळची होती की तिच्याकडे कथा म्हणून पाहणे त्याला शक्य नव्हते. फाळकेही या अर्थी एक उमेदवारच ठरले. पडद्याने ज्याला राजा केले, त्याला रंगमंचाने आत घेतले नाही.

७

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ झळकला आणि मुका पडदा बोलू लागला. या चित्रपटाचा नायक होता मास्टर विठ्ठल. त्याची हकीगत साऱ्या मूकपट-पर्वाचे सार म्हणून सांगता येईल. लहानपणी तो राजापूरकर नाटक मंडळीत होता. तेथून तो बाबूराव पेंटरांच्या कंपनीत आला. ‘कल्याण खजिना’ या १९२४ सालच्या चित्रपटात तो नर्तकीच्या वेषात दिसला. पुढे मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीच्या साहसपटांत तरवार फिरविणारा, उड्या मारणारा नायक म्हणून त्याने एवढी लोकप्रियता मिळविली, की पहिल्या बोलपटासाठी त्याने ती कंपनी सोडली तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि त्याची बाजू बॅरिस्टर जिना यांनी मांडली.

परंतु ‘आलम आरा’ची भाषा हिंदुस्थानी होती. ही भाषा आणि तिच्याबरोबरचा गाण्याचा थाट पारशी रंगभूमीवरून आला होता, आणि पारशी रंगभूमीने तो बऱ्याच अंशी लखनौच्या परंपरेतून उचलला होता. वाजिद अली शाहाच्या काळात लखनौच्या आगा हसन अमानत यांनी लिहिलेली ‘इंदरसभा’ ही गीतनाटिका पारशी मंडळ्यांनी देशभर नेली होती; बोलपट येताच १९३२ साली कलकत्त्याच्या मादन कंपनीने तिच्यावर चित्रपट काढला, आणि त्यात सुमारे सत्तर गाणी होती. चित्रपटाला वाचा फुटली ती अशी लखनवी वळणाची. उच्चार शुद्ध हवा, शेर नेमका म्हणता आला पाहिजे, गळा तयार पाहिजे. कंपन्यांतून नटनटींना भाषा शिकविण्यासाठी मुन्शी नेमले जाऊ लागले. मास्टर विठ्ठलला ती भाषा साधेना. तेव्हा त्याची भूमिका अशी फिरविण्यात आली, की नायक बराच वेळ गुंगीत किंवा बेशुद्धावस्थेत राहावा, असे सांगितले जाते. हिंदुस्थानातील पहिल्या बोलपटाचा नायक अशा रीतीने जवळपास मुकाच राहिला. हा विनोद कोणा लेखकाने रचला असता तर तो अतिरंजित वाटला असता. मास्टर विठ्ठल पुढे मराठी चित्रपटांतून दीर्घकाळ कामे करीत राहिला. नायकपद मात्र त्याच्यापासून दूर गेले.

मराठीत हे स्थित्यंतर एकाच कथेच्या दोन रूपांवरून मोजता येते. १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच, दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे गंधर्व मंडळीतील तोच मुलगा. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, त्या मंडळीचे एक संस्थापक, गायक आणि संगीतकार. तारामती झाल्या दुर्गा खोटे, मुंबईच्या सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातील स्त्री. एकोणीस वर्षांपूर्वी जी भूमिका खाणावळीतील तरुणाला १५ रुपयांवर द्यावी लागली होती, ती करण्यास आता अशा घरातील स्त्री पुढे आली होती. मूकपटाने स्त्रियांसाठी पाडलेली वाट येथे राजमार्ग झाली. परंतु त्याच वेळी दुसरी वाट बुजली. नायकाला पुन्हा गाता येणे आवश्यक झाले. पार्श्वगायनाची सोय अद्याप झालेली नव्हती, आणि कॅमेऱ्यापुढे उभा राहणाराच गात असे. वीस वर्षे ज्यांनी चेहऱ्यावर काम भागविले होते, त्यांना पुन्हा नाटक मंडळीच्या जुन्या परीक्षेला बसावे लागले.

खुद्द फाळक्यांचीही या परीक्षेतून सुटका झाली नाही. त्यांचा ‘सेतुबंधन’ हा मूकपट म्हणून तयार झाला होता. काळ बदललेला पाहून त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव मुळातला बोलपट आणि शेवटचा चित्रपट. उलट बाजूने, आवाजाचा सम्राट पडद्यावर आला तेव्हा काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. बालगंधर्वांनी १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये एकनाथांची भूमिका केली. आयुष्यभर स्त्रीवेषात गायलेल्या या थोर नटाला कॅमेऱ्याने पुरुष म्हणून पुढे आणले. परंतु त्यांचा जीव पडद्यावर रमला नाही, आणि ते रंगभूमीकडे परतले. मूकपटाने चेहरा मागितला, बोलपटाने चेहरा आणि आवाज दोन्ही मागितले; केवळ एकाच्या बळावर मोठे झालेल्यांची दोन्हीकडे ओढाताण झाली.

८

हिंदुस्थानात सुमारे तेराशे मूकपट तयार झाले, असे मानले जाते. त्यांतील अगदी मोजके आज पाहता येतात. ‘राजा हरिश्चंद्र’चे काही भागच उरले आहेत, ‘आलम आरा’ची तर एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर पुष्कळसा ठेवा जळून, कुजून किंवा रद्दीत जाऊन नाहीसा झाला होता. नाटकातील नटाची कला त्याच्याबरोबर जाते, हे जुनेच दुःख आहे. चित्रपटाने ते दूर करण्याचे आश्वासन दिले होते; मूकपटातील बहुतेक उमेदवारांच्या बाबतीत ते पाळले गेले नाही.

तरीही दोन प्रयत्नांची नोंद येथे केली पाहिजे. रीना मोहन यांनी १९९२ साली ‘कमलाबाई’ हा माहितीपट काढला. नाशिकला मोहिनी झालेली मुलगी त्यात नव्वदीच्या वृद्धेच्या रूपात, आपल्या खोलीत, आपल्या ढंगाने बोलताना दिसते. मूकपटातील पहिल्या अभिनेत्रीचा आवाज अशा रीतीने ऐंशी वर्षांनी जतन झाला. २००९ साली परेश मोकाशी यांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ काढला. नंदू माधव यांनी त्यात फाळक्यांची भूमिका केली. फाळक्यांचे कर्ज, सरस्वतीबाईंची साथ, तारामतीचा शोध, मिशांचा वाद, हे सारे मोकाशींनी करुणेच्या कडेवरून चालणाऱ्या विनोदाने सांगितले. ज्या कथानकावर अमेरिकेत मूकपटांच्या काळातच चित्रपट निघत होते, ते महाराष्ट्राच्या पडद्यावर यावयास शंभर वर्षे लागली, असे म्हणण्यास हरकत नाही.

तो चित्रपट पाहताना प्रेक्षक हसतात ते प्रामुख्याने मिशी काढण्यास नाखूश असलेल्या नटांना. ‘राजा हरिश्चंद्र’च्या उरलेल्या तुकड्यांत ते पुरुष आजही साड्या नेसून उभे आहेत. त्यांतील बहुतेकांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. चेहरे मात्र ओळखू येतात.